एका बोटाचे शब्द

ठोंबरेवाडीत लग्न ठरलं की आधी साळूबाईला गाठतात. हॉल, आचारी, बँजो हे सगळं मागाहून. विट्याच्या पूर्वेकडच्या वाड्यावस्त्यांवर जी नवरी उंबऱ्यात अडवली गेली आणि न अडखळता उखाणा घेऊन आत शिरली, तिच्या तोंडातला उखाणा बहुधा साळूबाईच्या ओट्यावर घडलेला असतो. नवरीची आई येते, पायरीवर टेकते, पदरानं घाम पुसते आणि जावयाचं नाव सांगते. साळूबाई डोळे मिटते. तिच्या उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून हळूहळू चालायला लागतो, जशी उन्हाची मेंढरं बांधावरून चालतात. नवरीच्या आईनं तेवढा वेळ गप्प बसायचं असतं. बोलली तर पुन्हा पहिल्यापासून.

साळूबाईचा हिशेब सोपा आहे. शब्दाला दोनच गोष्टी असतात, माप आणि शेपूट. तोंडातून शब्द जेवढ्या ठोक्यांत बाहेर पडतो तेवढी पेरं. दोन ठोके, दोन पेरं. तीन ठोके म्हणजे अख्खं बोट, कारण देवानं बोटाला तीनच पेरं दिली आहेत. शेपूट म्हणजे शब्दाचा शेवट. एका मापाचे आणि एका शेपटाचे शब्द एका वाघरीत कोंडायचे. वाघर म्हणजे मेंढरं रात्रीची बसवायला लावतात ते दोरीच्या जाळ्याचं कुंपण. साळूबाईचं निम्मं आयुष्य त्या जाळ्याच्या खुंट्या ठोकण्यात गेलं. दिवाळी झाली की नवराबायको मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरायची, आष्ट्याकडचे उसाचे फड, मग कराड, कोरेगाव, पार वाईपर्यंत. टेंभूच्या कालव्याचं पाणी शिवारात आलं, डाळिंब लागलं, मेंढरं विकली. जाळं माळ्यावर पडलं, पण कोंडायची सवय जाते कुठं? ती शब्द कोंडायला लागली.

मराठी उखाण्यांचा तिला मनापासून कंटाळा आला होता. जी ती नवरी चांदीच्या ताटात काहीतरी ठेवायची. पेढे ठेवून झाले, बर्फी ठेवून झाली, द्राक्षाचे घड ठेवून झाले.

"घरात जर्मनच्या थाळ्या, त्या बी चेपल्याल्या," साळूबाई म्हणायची, "आन् तोंडात बघावं तवा चांदीचं ताट. कुठनं आणता गं एवढी चांदी?"

म्हणून ती इंग्रजीकडं वळली. इंग्रजी तिला येत नव्हती आणि अजूनही येत नाही. शाळा चौथीपर्यंतची. पण तिच्या लेखी इंग्रजी शब्द म्हणजे कळपातून चुकलेलं मेंढरू. रस्त्यावर कुणाचंही नसतं. ज्याला सापडलं त्यानं खुशाल आपल्या वाघरीत घालावं. वाईच्या स्टँडवर, रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, सुनेच्या फोनवर, जिथं जिथं शब्द सापडला तिथं तिथं तिनं तो पेरांवर मोजला, शेपूट हातानं चाचपून बघितलं आणि घरी आणला. रेशन, पेन्शन, टेन्शन, मिशन, लोशन, सगळी दोन पेरांची, सगळ्यांना एकच शेपूट. पलीकडच्या वस्तीवरच्या पोरीला किशन नावाचा फौजी मिळाला, तेव्हा साळूबाईनं ही वाघर उघडली. पोरीनं भर मांडवात घेतलं:

"तिकडं सीमेवरचं मिशन, हिकडं सासूचं टेन्शन,
दोन्हीकडं एकटाच लढतो माझा किशन."

सासूसुद्धा हसली. साळूबाईचं नाव आटपाडीपर्यंत गेलं.

अर्थाचं विचाराल तर अर्थ तिच्या खात्यात नव्हताच. किशनच्याच चुलतभावाचं नाव भीषण पडलं होतं, आजोबांच्या हट्टापायी. त्याच्या नवरीला तिनं 'मोशन' दिला. डॉक्टर पेशंटला विचारतात तो शब्द, चांगलाच असणार. नवरी सजून, नटून उंबऱ्यात उभी राहिली आणि नवऱ्याच्या नावाला मोशन लावून मोकळी झाली. नवरा कंपाउंडर होता. वऱ्हाडातले निम्मे लोक जमिनीवर बसून हसले, नवरी रडत आत गेली. नवरीची आई भांडायला आली तेव्हा साळूबाई शेंगा फोडत होती.

"माप चुकलं का?" तिनं विचारलं.

"न्हाई, पर..."

"शेपूट चुकलं का?"

"आवं पर त्याचा अर्थ..."

"अर्थ जावयाला ठावा हाय न्हवं? मग झालं. माझ्याकडनं माल नीट गेलाय."

आणि तिनं शेंगा फोडणं चालू ठेवलं.

अशी ही बाई. पण सगळ्या वाडीच्या नवऱ्यांची नावं घडवणाऱ्या साळूबाईनं आपल्या नवऱ्याचं नाव उभ्या जन्मात एकदाच घेतलं होतं, लग्नाच्या दिवशी. त्यानंतर नाही. हळदीकुंकवाला बायका मागं लागल्या की ती म्हणायची, "मी वाढपी हाय. वाढप्यानं आधी जेवू नी." नव्या बायकांना ते खरं वाटायचं. जुन्यांना खरं कारण माहीत होतं.

लग्नात तिनं नाव घेतलं, सुरेख घेतलं. मग करवल्यांनी नवऱ्याला धरलं, आता तुमी घ्या. नवरा म्हणजे धनाजी, तेव्हा मिसरूड फुटलेला, फेटा कानावर आलेला. तो म्हणाला, "त्यात घ्यायचं काय? साळू म्हंटलं की येती ती." आणि त्यानं जिभेनं मेंढरं बोलावतात तसा आवाज काढला. मांडव हसला. सगळ्यांत आधी तो स्वतः हसला. मुंडावळ्यांच्या मागं सतरा वर्षांची पोर खाली मान घालून उभी होती. तिची मान हलली नाही, पण आत काहीतरी कायमचं ताठ झालं.

पहिल्या संक्रांतीला तिनं त्याला सांगून टाकलं, "माझं नाव मापात घ्या. चार माणसांत. तवा तुमचं माझ्या तोंडात येईल."

"मापात म्हंजे? शेरानं का पायलीनं?" धनाजीनं विचारलं.

ती चेष्टा तिथंच राहिली आणि वर्षं पुढं गेली. संसार नीट झाला. मार नाही, उपास नाही, पोरगा झाला, शिकला, गलाईच्या धंद्यात कोईमतूरला गेला, सोनं शुद्ध करायला लागला. ती नवऱ्याला 'आवं' म्हणायची, तो तिला 'आगं ए'. एवढ्यावर भागत होतं. पण एखाद्या हळदीकुंकवाहून परतताना ती गप्प असायची, आणि धनाजीला तेव्हा कळायचं की घरात एक दार बंद आहे आणि त्याची किल्ली आपल्याकडंच कुठंतरी पडली आहे.

तिच्याकडं एक वाघर होती, ती कुणासाठी उघडत नसे. शेपूट 'जी', माप अख्खं बोट. गॅसच्या गाडीवरचं एलपीजी. विट्यात वडापच्या जीपा जाऊन रिक्षा आल्या, त्यांचं सीएनजी. कोईमतूरच्या नातवंडांचं एलकेजी आणि यूकेजी. एकदा धनाजीच्या छातीत कळ आली, विट्याच्या दवाखान्यात नेला, तारा लावून निजवला, कागदाची पट्टी निघाली. सिस्टर म्हणाली, ईसीजी नॉर्मल आहे, गॅसेस असतील. धनी तारांत गुंडाळून पडलेला आणि साळूबाईचा अंगठा बोटावर चालतोय, ई, सी, जी. सिस्टरला वाटलं बाई जप करतेय. तिनं हळूच पंखा वाढवला.

तानाजी, शिवाजी, संभाजी नावाचे जावई आले की साळूबाई हलकासलका एखादा 'जी' काढून द्यायची. चांगले, गुबगुबीत 'जी' मात्र जाळ्यात मागं दाबून ठेवायची. कुणासाठी, हे तिनं स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं.

मग पोरानं, जयराजनं, वाडीत घर बांधलं. स्लॅबचं, वर गच्ची, पुढं ग्रॅनाइटचा उंबरा. वास्तुशांतीला वाईहून गुरुजी बोलावले, आष्ट्याहून सुनेचं माहेर आलं. सून पल्लवी, शहाणी, कष्टाळू, पण गावात पाऊल टाकलं की शिंकायला लागायची. तिला धुळीची ॲलर्जी. साळूबाईनं हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा सुनेला पाणी द्यायच्या आधी तो मोजला. अख्खं बोट. शेपूट जी. मग पाणी दिलं.

पल्लवीबरोबर तिची आत्या आली होती, चंद्राबाई. आवाज असा की आष्ट्यातनं हाक मारली तर इस्लामपुरात कुणीतरी 'ओ' देईल. चंद्राबाईनं आठवडाभर आधीच निरोप धाडला होता, "उंबऱ्यात ईनबाईचा उखाणा ऐकल्याबिगर मी कुणाला आत सोडणार न्हाई."

साळूबाईनं ते ऐकलं. पाहुण्यांसमोर नाव घेतलं नाही तर पोराच्या घराच्या पहिल्या पावलाला अपशकुन झाला म्हणतील. घेतलं तर तो सगळा जन्मभराचा ताठा एका उंबऱ्यात मोडला. दोन्हींतलं काय करावं, तिला कळेना. करायचं असेल तर ते धनाजीनंच करायचं होतं.

आणि धनाजी काहीतरी करत होता खरा. आठवडाभर तो डाळिंबाला पाणी पाजताना स्वतःशी पुटपुटत होता. अंगठा बोटांवर चालवत होता, पण उलटा, खालून वर. एकदा तिनं त्याला जयराजला फोन लावताना ऐकलं.

"बाळा, इंग्रजीत बाय कशात असतंय रं?"

"काय आप्पा?"

"बाय, बाय."

"बरं आप्पा, बाय," म्हणून जयराजनं फोन ठेवला. धनाजी फोनकडं बघत राहिला आणि म्हणाला, "लय घाई ह्या पोराला."

साळूबाईनं पदर तोंडात कोंबला. मग एकदम गंभीर झाली. 'बाय' हे तिच्या नावाचं शेपूट होतं.

वास्तुशांतीचा दिवस उजाडला. मांडवात माणसं मावेनात. बायकांचं कडं झालं आणि चंद्राबाई नव्या दाराच्या दोन्ही चौकटींना हात लावून आडवी उभी राहिली. साळूबाईच्या हातात कलश, धनाजीच्या डोक्याला भगवा फेटा, मागं जयराज आणि पल्लवी. पल्लवीला शिंका चालूच.

"घ्या ईनबाई नाव," चंद्राबाई गरजली. "आख्ख्या तालुक्याला शिकवता. आज तुमची परीक्षा."

साळूबाई कलशातल्या आंब्याच्या पानांकडं बघत म्हणाली, "आधी त्यास्नी घिऊ द्या."

"आँ? बाप्यानं आधी? ही कुठली नवी रीत?"

"आमच्या घरची."

जुन्या बायकांनी एकमेकींना कोपरं मारली. आचाऱ्यानंसुद्धा झारा थांबवला. गुरुजींनी घड्याळाकडं पाहिलं.

"मुहूर्त टळतोय," ते म्हणाले. "कुणाचं का होईना, घ्या. नाहीतर मी माझ्या मंडळींचं घेतो आणि आत जातो. दुपारी कोरेगावला दुसरी पूजा आहे."

धनाजी पुढं झाला. फेटा दोन्ही हातांनी सारखा केला. घसा खाकरला. बोटं बघितली. आणि मेंढरांना हाळी द्यायच्या जुन्या, मोकळ्या आवाजात तो म्हणाला:

"ऊस गेला, केळ गेली, मोटर ठेवावी इस्टँडबाय;
लाईट गेली, पाणी गेलं, न्हाई गेली ती साळूबाय."

मग चंद्राबाईनं चौकटीवरचा एक हात काढून कमरेवर ठेवला.

"म्हंजे ईनबाई इस्टँडबाय मोटर? मग इवाई, चालू मोटर कोन हाय तुमची? नाव सांगा की तिचं!"

मांडव फुटला. बायका एकमेकींच्या अंगावर पडल्या, पुरुषांनी मांड्या बडवल्या, बँजोवाल्यानं उगाच एक तान मारली. जयराजनं कपाळाला हात लावला. गुरुजी घड्याळ विसरून हसले.

साळूबाईच्या कानांत तेच हसू घुमलं, लग्नातलं. तीच मान खाली, तोच पदर डोक्यावर, तेच आपल्या नावावर लोकांचं हसणं. तिनं डोळे वर करून नवऱ्याकडं बघितलं. धनाजी उभा होता, फेटा पुन्हा कानावर आलेला, चेहरा डाळिंबासारखा लाल. लग्नाच्या दिवशी सगळ्यांत आधी तो हसला होता. आज एवढ्या माणसांत तो एकटाच हसत नव्हता. तो फक्त तिच्या तोंडाकडं बघत होता, पावसाच्या अंदाजाला माणूस आभाळाकडं बघतो तसा. ओठ हलत होते. काय चुकलं, हे तो अजून बोटांवर शोधत होता.

आणि काही चुकलं नव्हतं. तिचा अंगठा तिच्या नकळत कलशाखाली चालला होता. इस, टँड, बाय. अख्खं बोट. सा, ळू, बाय. अख्खं बोट. शहरातल्या माणसाच्या तोंडात तो शब्द एक पेर कमी भरला असता, पण धनाजीच्या तोंडात तो भरून उतरला. आणि ती दुसरी ओळ. ती तर तिलाही सुचली नसती. ज्या माणसाला कधी आपल्या बायकोशी दोन वाक्यं धड बोलता आली नाहीत, त्यानं शिवारात पाणी पाजत ही ओळ कुठून काढली असेल, हे तिला एकाएकी कळेना. पण चेहऱ्यावर तिनं काही दिसू दिलं नाही. चंद्राबाईपुढं तर नाहीच.

"चंद्राबाई," ती म्हणाली, "चालू मोटर इच्यारताय न्हवं? ती हुती की. तिला चार पाय हुते, आन् अंगावर लोकर. ह्यांनी निम्मा जलम तिच्यासंगं काढला, तिच्याशेजारी निजलं, तिच्या दुखण्याला जागलं. ती गेली इकून. तवापास्नं मी चालू हाय."

आता हसणं वेगळ्या बाजूला वळलं. धनाजीच्या चुलतभावानं शिट्टी मारली. धनाजीनं श्वास सोडला, तो मांडवाच्या मागच्या रांगेला ऐकू गेला असेल.

"आता तुमचं," चंद्राबाई म्हणाली, पण आवाज उतरला होता, आणि उत्सुकता वाढली होती.

साळूबाईनं कलश डाव्या कडेवर घेतला. उजवा हात मोकळा केला. घाई केली नाही. इतकी वर्षं दाबून ठेवलेली वाघर होती, एक खुंटी उपटून चालणार नव्हतं, चारी बाजूंनी सोडायला हवी होती.

"चूल गेली, आली एलपीजी,
वडाप गेलं, आली सीएनजी,
एक नातू एलकेजी, एक नात यूकेजी,
छातीत कळ आली तर निघाला ईसीजी,"

बायका प्रत्येक ओळीला 'हां' म्हणत होत्या, भजनात म्हणतात तशा. साळूबाईनं थांबून नवऱ्याकडं बघितलं.

"ज्याची मला जलमभर ॲलर्जी,
त्योच माझा मालक, नाव त्याचं धनाजी."

चौकटीवरचे दोन्ही हात खाली आले. चंद्राबाईनं साळूबाईच्या गालावरून बोटं फिरवून आपल्या कानशिलावर मोडली. उंबऱ्यावरचं तांदळाचं माप लवंडलं, गुरुजी मंत्र म्हणत घाईनं आत पळाले, आणि जोडी नव्या घरात गेली. आत जाता जाता धनाजी तिच्या कानाशी म्हणाला, "सुनंला हाय तीच का गं? शिंका येत्यात ती?"

"तीच. गप चला."

"बराबर हाय मग," तो म्हणाला. त्याला भयंकर आनंद झाला होता.

एवढ्यावर संपायला हवं होतं. पण ज्या माणसानं सारा जन्म तोंड उघडलं नाही, त्याचं झाकण एकदा उडालं की ते बसवणं कठीण. जेवणाच्या पंगती सुरू झाल्या आणि धनाजी आमटीची बादली घेऊन वाढायला निघाला. प्रत्येक पंगतीच्या तोंडाशी तो थांबायचा आणि एक नाव घ्यायचा. इंग्रजी संपली तशी त्यानं मराठी घेतली, मराठी संपली तसे नुसतेच आवाज घेतले. आमटीला साळूबाय, जिलेबीला साळूबाय, मठ्ठ्याला साळूबाय. लोक मुद्दाम दुसऱ्यांदा आमटी मागायला लागले. साळूबाई स्वयंपाकघरात पोळ्यांच्या दुरड्या मोजत होती, दर हाकेला तिचे कान तापत होते. माप नाही, शेपूट नाही, काही नाही, नुसतं नाव.

"अहो आई, आप्पांना थांबवा की," पल्लवी शिंका आवरत म्हणाली. "माझ्या मामांनी आत्तापर्यंत पाच वाट्या आमटी प्यायलीये. त्यांना बीपी आहे."

उन्हं कलली तशी आष्ट्याची पाहुणेमंडळी निघाली. जीप चालू झाली, चंद्राबाई पुढच्या सीटवर बसली. आणि धनाजी फेटा सावरत जीपच्या तोंडापुढं जाऊन उभा राहिला, दोन्ही हात पसरून.

"पावनं निघालं गुडबाय..." त्यानं सुरुवात केली.

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. धनाजीनं हात अजून रुंद केले. पुढची ओळ त्याला सुचेना, आणि सुचल्याशिवाय तो हलेना. "गुडबाय, गुडबाय," तो शब्द चघळत राहिला. मागं दोन ट्रॅक्टर येऊन थांबले. साळूबाई ओट्यावरून बघत होती. तिनं 'आवं' म्हटलं, त्याला ऐकू आलं नाही. तिनं 'आवं ऐका की' म्हटलं, हॉर्नखाली गेलं.

"धनाजी! सोडा त्यांची गाडी!"

तिच्या तोंडून गेलं. उखाणा नाही, यमक नाही, उंबरा नाही. चारचौघांत, ओट्यावर उभं राहून, नुसतं नाव. ट्रॅक्टरवाल्यांनी इंजिनं बंद केली. चंद्राबाईनं जीपमधनं अर्धं अंग बाहेर काढून बघितलं. साळूबाईनं जीभ चावली, पदर पुढं ओढला.

धनाजीचे पसरलेले हात हळूहळू खाली आले. तो रस्त्याच्या कडेला सरला. जीप निघून गेली, ट्रॅक्टर गेले, धूळ बसली. तो तिथंच उभा होता, ओट्याकडं बघत.

"काय म्हणालीस?" त्यानं विचारलं.

"जेवायचं ऱ्हायलंय तुमचं," साळूबाई म्हणाली. "आमटी उरली असली तर वाढते." आणि ती आत गेली.